खारपाणात पाणी काढा, आणि साठवाही

दर्यापूर तालुक्यात विहिरीला पाणी लागते, पण ते पिकाला चालत नाही. अमरावती, अकोला आणि बुलडाण्यात पसरलेल्या पूर्णा खोऱ्याच्या या पट्ट्यात भूजलात सोडियम इतके, की त्यावर ओलित करत राहिले तर भारी काळी जमीन चोपण होते. त्यामुळे हवामान बदलाच्या प्रत्येक परिपत्रकातला ‘संरक्षित ओलित द्या’ हा सल्ला इथे अर्धाच राहतो. कोणत्या पाण्याने, ते कोणी सांगत नाही.

मदार सगळी पावसावर, आणि पावसाचा भरवसा उरलेला नाही. 2023चा ऑगस्ट देशात 1901पासूनचा सर्वांत कोरडा ठरला. उलट एखाद्या वर्षी नेमक्या त्याच महिन्यात झड लागते आणि तोडणीला आलेल्या मुगाला शेंगेतच कोंब फुटतात. खरिपात मूग आणि त्याच रानात ओलीवर हरभरा, ही इथली जुनी जोड. मुगाचा भरवसा गेला म्हणून जो सोयाबीनकडे वळला, त्याला दोष देण्यात अर्थ नाही. पण अन्नसुरक्षा म्हणजे केवळ रेशनचा गहू-तांदूळ नव्हे. डाळ आपण आयात करतो, आणि ती पिकवणारे रान इथे आहे.

ही जोड टिकवायची तर जुलै-ऑगस्टचे पाणी वावरातून काढावे लागेल आणि तेच डिसेंबरसाठी ठेवावेही लागेल. रुंद वरंबा सरीने पहिले काम होते. मात्र सरीचे तोंड कुठे उघडते, हे न पाहता यंत्र फिरवले तर पाणी धुऱ्याशी तुंबते, किंवा शेजाऱ्याच्या वावरात शिरते आणि भांडण उभे राहते. अनुदान यंत्राला मिळते. उतार मोजायला बांधावर कोणी येत नाही. आमच्या मते निचरा हे एका शेतकऱ्याचे कामच नव्हे. नाल्यापर्यंतची वाट गावाने ठरवायला हवी.

दुसरे काम शेततळ्याचे. 30 बाय 30 मीटर, 3 मीटर खोल, काठाचा उतार एकास एक, अशा तळ्यात 2,196 घनमीटर पाणी मावते. तिसरा हिस्सा बाष्पीभवनात आणि झिरपण्यात गेला असे धरले, तरी साडेचौदाशे घनमीटर उरते. हेक्टरी 5 सेंटिमीटरचे एक ओलित म्हणजे 500 घनमीटर. म्हणजे जवळपास तीन हेक्टर हरभऱ्याला फुलोऱ्याच्या आधी तुषार संचाने एक पाणी. एवढेच, आणि तेवढे पुष्कळ आहे. त्या भरवशावर कोणी संत्रा लावायला निघाला, तर त्याला आपणच थांबवायला हवे.

2018मध्ये सुरू झालेल्या ‘पोकरा’ प्रकल्पात 5,142 गावे होती. त्यांतली 932 पूर्णा खोऱ्यातल्या खारपाणाची. तळी झाली, यंत्रे आली. किती तळ्यांचे पाणी खरोखर हरभऱ्यापर्यंत पोचले, हा प्रश्न आता विचारला पाहिजे.

कृषी सहायक, शेतकरी कंपन्यांचे संचालक आणि कृषी सेवा केंद्रवाले यांना विनंती: यंदा आपल्या गावातली वरंब्यावरची दोन आणि सपाट पेरणीची दोन वावरे निवडा. पेरणीची तारीख, झडीनंतर वाफसा यायला लागलेले दिवस, दिवाळीला तळ्यात असलेली पातळी आणि दोन्ही पिकांचा उतारा एवढे टिपून मार्चअखेर आमच्याकडे पाठवा. फसलेल्या वावरांच्या नोंदीही पाठवा, त्या आधी छापू.