नळाखालचं गणित

राकसकोप जलाशय भरला की पेपरात बातमी येते. कॅम्पातल्या आमच्या नळाला मात्र आधी हवाच येते. आई पहाटे उठून वाट बघते. फिजिक्समुळे कळलं, पाइप रिकामा झाला की दाब जातो आणि फटींतून घाण आत शिरते. म्हणून तो सतत भरलेला हवा. २००८ मध्ये बेळगावच्या काही भागांत चोवीस तास पाणी देऊन हे करूनही दाखवलं गेलं.

पाइपाचा व्यास निम्मा झाला, तर तेवढंच पाणी न्यायला घर्षणात सुमारे ३२ पट दाब खर्च होतो. हे सूत्र सांगतं. आत गंज किती साचलाय, ते मोजावंच लागतं. मित्रांनो, माझ्या मते मॉडेलची खरी परीक्षा शेवटच्या नळावर होते. बादली आणि घड्याळ आपल्याकडेही आहे. मोजूया!