इफ्तारनंतरची बादली

मगरिबची अजान होते, खजुराने रोजा सुटतो. कलिंगड, खरबूज, पपई, केळी ताटात येतात आणि नमाजेला उठण्याआधी सालींचा ढीग प्लास्टिकच्या पिशवीत कोंबला जातो. दिवसभर पाण्याच्या थेंबालाही न शिवणाऱ्या घराचा संयम त्या पिशवीपाशीच का संपावा?

खाण्यापिण्यातील ‘इसराफ’ म्हणजे उधळपट्टी कुराणाने निषिद्ध ठरवली आहे. हातून पडलेला घासही स्वच्छ करून खावा, ही पैगंबरांची शिकवण. अन्नाला पूर्णब्रह्म मानणाऱ्या शेजारच्या घरातही संस्कार हाच असतो. उरलेले अन्न भुकेल्यापर्यंत पोचवणे हे पहिले कर्तव्य. प्रश्न उरतो तो साली-देठांचा.

पिशवी दाराबाहेर गेली की घर स्वच्छ होते, शहर नव्हे. मुंबईचा कचरा 1927 पासून देवनारला पडत आला. मिसळलेला ओला कचरा हवेविना कुजतो, त्यातून मिथेन वायू निघतो आणि ढीग पेट घेतात. जानेवारी 2016 मधील आगीचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रांतही दिसला. परिसरातील शाळा बंद ठेवाव्या लागल्या. तो धूर गोवंडीच्या शिवाजीनगर, बैंगनवाडीतील रोजेदारांनी आणि त्यांच्या हिंदू, बौद्ध शेजाऱ्यांनी सारखाच गिळला. आता बराचसा कचरा कांजूरमार्गला जातो आणि दुर्गंधीची तक्रार तिथले रहिवासी करतात. ढीग हलला, शेजारी बदलला. शेजाऱ्याच्या हक्कावर इतका भर देणाऱ्या धर्माच्या अनुयायांनी तरी याकडे पाठ फिरवू नये.

उपाय अवघड नाही. तळाला आणि बाजूंना भोके पाडलेली झाकणाची बादली, खाली सुक्या पानांचा थर, त्यावर बारीक चिरलेल्या साली, वर पुन्हा सुकी पाने. सुरुवातीला मूठभर जुने खत किंवा थोडे आंबट ताक घातले की कुजण्याला वेग येतो. दोन-तीन दिवसांनी ढवळावे. वास आला तर ओल जास्त झाली असे समजून पाने वाढवावीत. कलिंगडाच्या सालीत पाणीच जास्त, म्हणून तिला पानेही जास्त लागतात. हाडे, मांस आणि तेलकट पदार्थ मात्र या बादलीत नकोत. अलीकडे रमजान फाल्गुनात येतो. ऐन पानगळीचा हंगाम. रस्त्याकडेला झाडून जाळली जाणारी पाने हीच या बादलीची गरज आहे.

जबाबदारी एकट्या घराची नाही. ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवण्याचे बंधन 2016 च्या नियमांनी नागरिकांवर घातले. पण वेगळा दिलेला कचरा एकाच गाडीत एकत्र होताना दिसला, की लोकांचा हुरूप जातो. पालिकेने हे थांबवलेच पाहिजे. मशिदींच्या समित्यांनी सामूहिक इफ्तारच्या जागी आणि बाजारातील फळविक्रेत्यांनी हातगाडीशेजारी सालींसाठी वेगळा पिंप ठेवला, तर मोठा भार जागच्या जागी हलका होईल.

वाटेतील त्रासदायक वस्तू दूर करणे हाही सदका आहे, असे हदीस सांगते. लावलेल्या झाडाचे फळ माणसाने वा पाखराने खाल्ले, तर तोही सदकाच. रमजानमध्ये भरलेली बादली बकरी ईदपर्यंत काळ्या, भुसभुशीत खताची होते. मग मृगाचा पाऊस येतो. ते खत मशिदीच्या अंगणातील झाडाला घालावे, शेजारच्या तुळशीलाही द्यावे.