उल्केले रिंग असते काय?

"दादा, वर बघा ना! आकाशात आगगाडी चाललीय!"

गेल्या डिसेंबरात, पीएलच्या ऐन मध्यावर, एक फर्स्ट इयरचा पोरगा गच्चीवरून धडाधडा जिने उतरत आमच्या विंगमध्ये येऊन ओरडला. संध्याकाळचे पावणेसात झाले असतील. मेसला अजून वेळ होता. कोणी जर्नल उतरवत होतं, कोणी उतरवणाऱ्याला चहा पाजत होतं. आम्ही सात-आठ जण वर पोहोचलो तोवर आकाश रिकामं! मग काय, त्या पोराची जी खेचाखेच सुरू झाली ती रात्रीच्या जेवणापर्यंत पुरली. "डबे किती होते रे? जनरल डबा पुढे होता की मागे?" दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत त्याचं नाव 'जादू' पडलेलं होतं, 'कोई मिल गया'तल्या त्या निळ्या पाहुण्यावरून. चार दिवसांत त्याने गच्चीवर येणं सोडलं. पुढे "पोरं रात्री गच्चीवर एलियन शोधत बसतात" अशी खबर ऑफिसपर्यंत गेली आणि गच्चीला कुलूप लागलं, ते आजपर्यंत.

खरं सांगतो, त्या दिवशी मीसुद्धा पोट धरून हसलो. आणि या होस्टेलमध्ये हसण्याचा अधिकार कोणाला नसेलच, तर तो मला नाही. का ते सांगतो.

तारीख पक्की आठवते, कारण त्या दिवशी गुढीपाडवा होता. २ एप्रिल २०२२. आमचं गाव चंद्रपूर जिल्ह्यात, ब्रह्मपुरीच्या बाजूला. घरामागच्या परसाला आमच्याकडे सांदवाडी म्हणतात. त्या दिवसांत तिथे मोहफुलं वाळत घातलेली असतात आणि संध्याकाळी आबाजी, म्हणजे माझे आजोबा, बाज टाकून राखणीला बसतात. पावणेआठचा सुमार असेल. आबाजींनी हाक मारली म्हणून मी मागच्या दाराने बाहेर आलो, तर पश्चिमेकडून लालसर पिवळ्या उजेडाचा एक पुंजका येत होता. एक गोळा नव्हे, आठ-दहा तुकडे. प्रत्येकाला शेपूट, सगळे एकाच चालीने, एकमेकांची संगत न सोडता. आवाज अजिबात नाही. कुत्री मात्र भुंकायला लागली, ती कशाला ते त्यांनाच ठाऊक. शेजारच्या काकू "विमान पडलं, विमान पडलं" म्हणून ओरडल्या. युक्रेनची लढाई नुकतीच सुरू झालेली, टीव्हीवर दिवसभर तेच. त्यामुळे पलीकडून कोणीतरी "मिसाईल" असा निकाल दिला.

मी तेव्हा अकरावी सायन्सला. आळीत सायन्सवाला मी एकटाच. मी छाती पुढे काढून जाहीर केलं, "काही नाही, उल्का आहे. हवेच्या घर्षणाने जळते." (हे घर्षणाचंही अर्धवटच होतं. खरी उष्णता येते ती समोरची हवा एकदम दाबली जाऊन तापते म्हणून. पण ते थर्मो शिकल्यावर कळलं.)

आबाजी म्हणाले, "नाही बापू. तारा पडते तो डोळा लवते तोवर. हे त मोहाच्या झाडामागून निंगालं आन् मारोतीच्या कळसावरून गेलं, तोवर माहे बिडीचे चार झुरके झाले. आन् तारा पडते तो एकटाच. याचे त तुकडे, आन् सारे संगच."

मी म्हणालो, "आबाजी, राहू द्या. तुम्हाला यातलं काय कळते?"

चारचौघांत म्हणालो. शेजारचे हसले. आबाजी गप्प बसले आणि मोहफुलांवरून हात फिरवत राहिले.

दुसऱ्या दिवशी बातमी आली. सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात त्याच रात्री धातूची एक रिंग येऊन पडली होती, सुमारे तीन मीटर व्यासाची. पवनपारकडे एक धातूचा गोळा सापडला. पाहायला गर्दी लोटली. रिंग पोलीस ठाण्यात नेऊन ठेवली, पुढे इस्रोचे शास्त्रज्ञ येऊन पाहून गेले. अवकाशात काय काय फिरतंय याचा हिशोब ठेवणारे खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी माग काढून सांगितलं, की हा फेब्रुवारी २०२१मध्ये उडालेल्या चिनी 'लाँग मार्च ३बी' रॉकेटचा तिसरा टप्पा असावा. वर्षभर पृथ्वीभोवती फिरून तो त्या संध्याकाळी खाली आला. गुजरात आणि मध्य प्रदेशातल्या लोकांनीही त्याला जाताना पाहिलं होतं.

आबाजींनी फोटो नीट निरखून पाहिला आणि मला एवढंच विचारलं, "बापू, उल्केले रिंग असते काय?"

मित्रांनो, या प्रश्नाचं उत्तर मी आजवर दिलेलं नाही. व्हायवात बरेच प्रश्न आले, पण इतका सरळ कोणी विचारला नाही.

आता आबाजींची निरीक्षणं पुन्हा वाचा. उल्का सेकंदाला साधारण ११ ते ७२ किलोमीटर वेगाने घुसते आणि बहुतेक वेळा सेकंद-दोन सेकंदांत संपते. कक्षेतून खाली येणारं रॉकेट सेकंदाला सुमारे आठ किलोमीटरने, तेही जवळजवळ आडवं, वातावरणाला घासत येतं. म्हणून ते सावकाश जाताना दिसतं आणि फुटलं तरी तुकडे एकाच वाटेने चालतात. आबाजींनी कालावधी सांगितला, मोहाचं झाड ते मारोतीचा कळस अशी दिशा सांगितली, तुकड्यांचं वर्तन सांगितलं. याला आपण लॅबमध्ये ऑब्झर्व्हेशन टेबल म्हणतो. आणि मी काय दिलं? नुसतं कन्क्लूजन. आधी रिझल्ट आणि मग त्यावरून रीडिंग काढायची आपली जर्नलची जी थोर परंपरा आहे, ती मी अकरावीतच पाळली होती म्हणायची!

आबाजींनी आणखी एक गोष्ट केली, ती मला फार उशिरा लक्षात आली. त्यांनी वेग किती, उंची किती, आकार केवढा हे सांगितलंच नाही. "बसएवढं मोठं होतं, हजार फुटांवरून गेलं" अशी वर्णनं आपण नेहमी ऐकतो. अंधारात, ओळखीचं काही शेजारी नसताना, दिव्याचं अंतर डोळ्याला कळतच नाही. अंतर नाही तर आकार नाही, आणि वेगही नाही. कळतो तो फक्त कोन. साधं गणित करा. दहा मीटरवर सेकंदाला एक मीटर उडणारा काजवा सेकंदाला ०.१ रेडियन सरकतो. चारशे किलोमीटरवरून सेकंदाला ७.६६ किलोमीटर जाणारं अंतराळ स्थानक अगदी डोक्यावर असताना सरकतं सुमारे ०.०१९ रेडियन. म्हणजे डोळ्याच्या हिशोबाने काजवा अंतराळ स्थानकाच्या पाचपट वेगवान! आणि एकटा तारा अंधारात टक लावून पाहिला तर तो स्थिर असूनही हळूहळू सरकल्यासारखा वाटतो. यात खोटं कोणीच बोलत नाही. डोळा असाच आहे.

हे सगळं मला माहीत होतं, आणि तरीही डिसेंबरात मी हसलो. दोन दिवसांनी लाज वाटली म्हणून त्या पोराच्या रूमवर गेलो आणि काय पाहिलं ते नीट विचारलं. आधी बोलेना. मग म्हणाला, "दादा, वायव्येकडून आले. सरळ रेषेत, जवळजवळ सारख्या अंतरावर. एकोणीसपर्यंत मोजले. आणि टाकीच्या वर एका ठराविक जागी आले की एकेक करून विझत होते. तेच पाहून मी घाबरलो."

या शेवटच्या वाक्यात सगळं उत्तर आहे. मे २०१९मध्ये स्टारलिंकचे पहिले साठ उपग्रह एकदम सोडले, तेव्हापासून जगभरच्या लोकांनी ही आगगाडी पाहिली आहे. सोडल्यावर थोडे दिवस ते रांगेने जातात, पुढे पांगतात आणि वर चढतात. आपल्याकडे सूर्य मावळलेला असला तरी तेवढ्या उंचीवर ऊन असतं, त्या उन्हात ते चमकतात. पृथ्वीच्या सावलीत शिरले की एका जागी, एकेक करून विझतात. गच्चीवर हसणाऱ्या आम्हा सात-आठ भावी इंजिनिअरांपैकी एकानेही "कसे दिसेनासे झाले?" हा साधा प्रश्न विचारला नव्हता. विचारला असता तर पोराला आणखी घाबरायची गरज राहिली नसती.

तुम्ही म्हणाल, म्हणजे यूएफओ वगैरे सगळं झूठ, शेवटी उपग्रहच निघाला ना? इथेच माझं भांडण आहे. यूएफओ म्हणजे ओळख न पटलेली उडती वस्तू. यात एलियनचा 'ए'सुद्धा नाही. २४ जून १९४७ला केनेथ अर्नोल्ड या वैमानिकाने अमेरिकेतल्या माउंट रेनियरजवळ नऊ चमकत्या वस्तू पाहिल्या. पाण्यावर बशी फेकली की ती टप्पे घेत जाते तशा त्यांच्या हालचाली होत्या, असं त्याचं म्हणणं. वर्तमानपत्रांनी हालचालीतली बशी उचलून आकाराला लावली आणि 'उडती तबकडी' जन्माला आली. त्यानंतर लोकांना तबकड्याच दिसू लागल्या! पुढे अमेरिकन हवाई दलाने 'प्रोजेक्ट ब्लू बुक' नावाने १९६९पर्यंत १२,६१८ नोंदी गोळा केल्या. त्यातल्या ७०१ची ओळख पटली नाही. श्रद्धाळू लोक या ७०१ला परग्रहवासी म्हणतात, हुशार लोक शून्य म्हणतात. मला दोघेही आळशी वाटतात. ७०१ म्हणजे ७०१. काम अपुरं राहिलंय, एवढाच त्याचा अर्थ. आपल्या केटीसारखा.

आपल्या सैन्याचं उदाहरण तर मला फार आवडतं. ऑगस्ट २०१२ ते फेब्रुवारी २०१३ या काळात लडाखच्या सीमेवर जवानांनी आकाशातल्या अनोळखी वस्तूंच्या ३२९ नोंदी केल्या. चिनी टेहळणी यंत्रं असावीत असा संशय होता. शेवटी बंगळूरच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेतल्या शास्त्रज्ञांची मदत घेतली आणि निघाले काय, तर गुरू आणि शुक्र! बातमी छापून आली तेव्हा लोक खूप हसले. मी म्हणतो, हसण्यासारखं त्यात काय आहे? उणे तापमानात पहाऱ्यावर उभ्या जवानाने दिसलं ते लिहिलं, एकदा नाही ३२९ वेळा, आणि लिहिलं म्हणूनच ओळख पटली. पहिल्याच रात्री सोबत्यांनी त्याला 'जादू' म्हटलं असतं तर पुढच्या ३२८ नोंदी झाल्या असत्या का? आणि समजा एखाद्या रात्री खरंच यंत्र असतं तर? २०२३मध्ये नासाने नेमलेल्या अभ्यासगटानेही हेच मांडलं, की टिंगलीच्या भीतीने लोक पाहिलेलं सांगत नाहीत आणि मग अभ्यासाला माहितीच उरत नाही.

हे फक्त आकाशापुरतं असतं तर मी हा लेख लिहिला नसता. सेकंड इयरनंतर मी एका कारखान्यात ट्रेनिंगला होतो. तिथले एक हेल्पर काका सुपरवायझरला म्हणाले, "साहेब, तीन नंबरचा पंप आज वेगळाच आवाज करतोय." साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "तुमचे कान कधी तपासले होते?" सगळे हसले. (होय, मीही. माझी सवय तुमच्या लक्षात आलीच असेल.) दोन दिवसांनी बेअरिंग गेलं, शाफ्ट खराब झाला, पूर्ण पाळी लाईन बंद राहिली. मी काकांना विचारलं, "काल परत आवाज आला होता का?" म्हणाले, "आला होता की. कोणाला सांगू?"

आबाजींचंही असंच झालं. अलीकडे सुट्टीत घरी गेलो तेव्हा त्यांच्यासोबत सांदवाडीत बसलो होतो. दक्षिणेकडे एक दिवा हळूहळू चालला होता. मी मुद्दाम विचारलं, "आबाजी, काय असन ते?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "तूच सांग बापू, तू शिकलेला." मला ओळखता आलं नाही. विमान असेल तर लुकलुकणारा दिवा हवा, तो नव्हता. उपग्रह म्हणावा तर फार सावकाश. मी म्हणालो, "नाही कळत." आबाजी बाजेवर उठून बसले. मग आम्ही दोघांनी तो दिवा शेवगा ते विजेचा खांब असा, हात लांब करून मुठीने मोजला. लांब केलेल्या हाताची मूठ म्हणजे सुमारे दहा अंश. चार मुठी, साडेपाच मिनिटं. मोबाईलवर वेळ लिहून ठेवली. ते काय होतं ते मला आजही माहीत नाही.

तर माझी मागणी छोटी आहे. कॉमन रूममध्ये एक दोनशे पानी वही टांगावी. आकाशात जे दिसलं ते लिहावं. वेळ, दिशा, किती मुठी, किती सेकंद, कसं दिसेनासं झालं. नाव लिहायची सक्ती नको आणि 'काय होतं' हा रकाना शेवटी, तोही रिकामा ठेवायची मुभा असावी. वही मी आणलेली आहे. पहिल्या पानावर फर्स्ट इयरच्या त्या पोराने आपल्या एकोणीस दिव्यांची नोंद केली आहे, टाकीच्या चित्रासह, आणि खाली स्वतःच्या खऱ्या नावाने सही. दुसऱ्या पानावर माझा नि आबाजींचा दिवा आहे, शेवटचा रकाना कोरा.

राहता राहिली गच्चीची किल्ली. रेक्टर सर, हे वाचत असाल तर आठवड्यातून एक दिवस, सात ते नऊ. हवं तर वॉचमनकाकांना सोबत पाठवा. रात्रपाळीत आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त आकाश त्यांनीच पाहिलंय.