चपलेचा पिस्टन

दिवाळी अंकात निवृत्त प्राध्यापकाचा लेख दिसला की पान उलटायची घाई होते, हे मला ठाऊक आहे. मीही तेच करतो. पण यंदा विषय खेळण्यातल्या बंदुकीचा आहे, तेव्हा जरा थांबा. घरातल्या मुलांना देवनागरी जड जात असेल, तर आजीला मोठ्याने वाचायला सांगा.

माझा नातू चौदा वर्षांचा, जन्म खोबरचा. फोमचे मऊ बाण उडवणारी रंगीबेरंगी पिस्तुलं तुमच्याही घरात असतील. प्रत्येक वाढदिवसाला एक तरी येतंच. त्याला ती पुरेनात. गेल्या हिवाळ्यात त्याने स्वतःच बंदूक करायला घेतली. पीव्हीसीचा पाइप, त्याला सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह, हवा भरायला पंप. पुढे नळाची तोटी, तोटीपुढे फूटभर नळी आणि नळीत बाण. तोटी फिरवली, बाण सुटला आणि चार पावलांवर पडला.

"आबा, हवा तर भरपूर भरली होती. मग गेली कुठे?"

मी चाळीस वर्षं द्रवयांत्रिकी शिकवली. परीक्षेच्या भीतीशिवाय विचारलेला असा प्रश्न वर्गात फार क्वचित ऐकला. उत्तर असं, की त्या नळीतून बाहेर पडायला बाणाला सेकंदाचा शंभरावा भाग पुरतो, आणि हाताने तोटी पूर्ण उघडायला निदान पाव सेकंद लागतो. तोटी नुसती किलकिली झाली की थोडी हवा बाणाला हळूच बाहेर ढकलते. उरलेली हवा बाण गेल्यावर फुस्स करून निघून जाते. म्हणजे हवा पुष्कळ असून भागत नाही, दार एकदम उघडलं पाहिजे. उत्तर मी लगेच दिलं नाही. दोन शुक्रवार त्याने डोकं खाजवलं, आणि तिसऱ्या शुक्रवारी आजीची जुनी रबरी चप्पल गायब झाली.

चपलेच्या तळव्यातून त्याने रुपयाहून मोठी चकती कापली होती. ती अशी बसवायची: पाइपाच्या पोटात नळीचं मागचं तोंड येतं, त्यावर चकती टेकते. हवा चकतीच्या मागून भरायची. ती कडेच्या फटीतून झिरपत टाकीतही जाते. चकतीच्या मागे आणि भोवती दाब सारखाच, नळीच्या तोंडात मात्र बाहेरची साधी हवा. म्हणून चकती तोंडावर घट्ट बसून राहते. आता मागची मूठभर हवा अचानक सोडून दिली, की टाकीतला दाब चकतीला मागे ढकलतो आणि नळीचं तोंड सताड उघडतं. छोट्या दाराने मोठं दार उघडायचं. जुबैलच्या कारखान्यांतले कितीतरी मोठे व्हॉल्व्ह याच युक्तीवर चालतात. तुमच्यातले अर्धेअधिक जण त्यांच्यावरच पोट भरता, त्यामुळे मी जास्त सांगत नाही.

त्या दिवशी बाण कंपाऊंडच्या भिंतीपलीकडे गेला. मला माझी वेळूची नळी आठवली. रत्नागिरीकडच्या माझ्या गावी पावसाळ्यात आम्ही वेळूच्या पेरात ओल्या कागदाचा बोळा ठासायचो, मागून दुसरा बोळा काठीने रेटायचो आणि पुढचा ठो करून उडायचा. बस्तरमध्ये जगदलपूरच्या रथयात्रेत आजही लोक अशाच बांबूच्या तुपकीने एकमेकांवर हिरवी फळं मारतात. या बंदुकीत व्हॉल्व्ह नाही असं मी कित्येक वर्षं समजत होतो. वास्तविक पुढचा बोळाच व्हॉल्व्ह असतो. दाब पुरेसा वाढेपर्यंत तो अडून राहतो आणि मग एकदम वाट देतो. डॉक्टरेट मिळाल्यावर पुष्कळ वर्षांनी, नातवाच्या चपलेमुळे, हे माझ्या लक्षात आलं.

इथपर्यंत गोष्ट गोड आहे. पुढची मला सांगायला जड जाते.

मे महिन्यात आम्ही हाफ मून बेला गेलो होतो. बाण उडवून झाले, जेवायची वेळ झाली. बंदूक भरलेलीच होती. नातवाने विचारलं, "हवा सोडून देऊ?" मी म्हटलं, "असू दे, परत आल्यावर उडवू." ती गाडीच्या डिकीत ठेवली आणि आम्ही दोन तास जेवायला गेलो. डिकी उघडली तेव्हा पाइपाचे तुकडे झाले होते. त्यातला बोटभर लांबीचा, सुरीसारखा एक तुकडा बर्फाच्या पेटीच्या झाकणात आरपार रुतला होता. सकाळी तोच पाइप मुलाच्या गालाशी टेकलेला होता.

चूक मुलाची नव्हती, माझी होती. पाइपावर १६ बार छापलं होतं, आम्ही ४ भरत होतो. चौपट सुरक्षा, असं मी प्राध्यापकी थाटात सांगितलं होतं. पण तो आकडा पाण्यासाठी असतो आणि विशीतल्या तापमानासाठी असतो. पीव्हीसी ६० अंशांना पोचलं की त्याची ताकद पावाहूनही कमी उरते. म्हणजे १६ चे साडेतीन झाले. मेमधली इथली डिकी ६० ला सहज पोचते. आतली हवाही तापून ४ ची जवळपास पाच होते. शिवाय उन्हात पडून पाइप ठिसूळ होतो तो वेगळाच. हे सगळं मला येत होतं, फळ्यावर शेकडो वेळा लिहिलंही होतं. गाडीशेजारी उभा असताना आठवलं नाही.

आणखी एक गोष्ट पालकांनी नीट समजून घ्यावी. पाण्याने भरलेला पाइप फुटला तर तडा जातो, चिळकांडी उडते, संपलं. हवेचं तसं नाही, ती दाबलेल्या स्प्रिंगसारखी असते. अर्धा लिटर टाकीत ४ बार हवा म्हणजे साधारण पाच किलो तांदळाची पिशवी पहिल्या मजल्यावरून खाली पडावी, एवढी ऊर्जा. आणि पीव्हीसी फुगत नाही, वाकत नाही. त्याच्या ठिकऱ्या उडतात. म्हणून साठवलेल्या हवेसाठी पीव्हीसी पाइप वापरायचा नाही, थंडीतही नाही. बाणाचंही तसंच: वेग तिप्पट केला की मार नऊपट होतो. फोम मऊ असला तरी डोळा त्याहून मऊ असतो.

मुलाने, म्हणजे माझ्या मुलाने, त्याच संध्याकाळी सगळं सामान कचऱ्याच्या ड्रममध्ये टाकलं. पंप, व्हॉल्व्ह, वहीसुद्धा. रागावला ते बरोबरच होतं. आमच्या कंपाऊंडातल्या बहुतेक आईबापांनी त्याचीच बाजू घेतली: "काका, बाजारात तयार मिळतं ना, मग कशाला हा उपद्व्याप?" माझा वाद इथे आहे. दिवसभर सेफ्टी व्हॉल्व्हच्या तपासणीच्या कागदांवर सह्या करणारा बाप घरी येऊन मुलाला म्हणतो, हात लावू नकोस! सेफ्टी व्हॉल्व्ह म्हणजे काय, हे त्या मुलाला सांगणार कोण? यूट्यूब?

ज्या धहरानच्या टेकडीवर १९३८ मध्ये दम्माम क्रमांक ७ च्या विहिरीने या देशाचं नशीब पालटलं, तिथून आपली घरं पंधरा-वीस मिनिटांवर आहेत. तेल जमिनीखाली पहिल्यापासून होतंच. ते हवं तेव्हा सोडता आणि हवं तेव्हा रोखता आलं, म्हणून त्याची किंमत झाली. आपली मुलं अशा मुलखात वाढतात आणि त्यांना नळाचा वॉशर बदलता येत नाही. बदलायला माणूस येतो. मी त्यांना दोष देत नाही, आपणच त्यांच्या हातातलं सामान काढून घेतलं. पुण्यात आयुकाच्या आवारात अरविंद गुप्ता कितीतरी वर्षं सायकलच्या वालट्यूबचे तुकडे आणि आगकाड्या मुलांच्या हाती देऊन भूमिती शिकवत होते. आयआयटीत शिकलेला इंजिनिअर! त्यांच्या खेळण्यांना कचऱ्यातलं सामान पुरत असे, पण मोठ्या माणसाने शेजारी बसावं लागे. आपल्याला नेमकं तेच परवडत नाही.

मी रात्री ड्रममधून वही काढून आणली. सूनबाईंनी पाहिलं, काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनीच नातवाला ओट्याजवळ उभं करून कुकरचं झाकण दाखवलं: ही शिट्टी, आणि शिट्टी चोंदली तर आधी वितळून वाट देणारा हा सेफ्टी व्हॉल्व्ह. १६७९ मध्ये देनी पापँ नावाच्या फ्रेंच माणसाने कुकरचा हा पूर्वज केला आणि लवकरच त्याला सुरक्षेचा व्हॉल्व्हही जोडला. ही भर मी घातली, कारण मला राहवलं नाही. पण नातवाला कळलं ते आईकडून: काहीतरी फुटणारच असेल, तर काय फुटायचं ते आपण आधी ठरवायचं.

मंडळाच्या किल्ले स्पर्धेशेजारी यंदा एक टेबल मांडू द्यावं, अशी मी कार्यकारिणीला विनंती केली आहे. नियम मी लिहून दिले आहेत. हवा साठवायची नाही. सुई नसलेली प्लॅस्टिकची सिरिंज दाबून जेवढी हवा मिळेल, तेवढीच. पीव्हीसी नको. चष्मा सर्वांना, बघणाऱ्यांनाही. माणसाकडे नेम नाही. आणि प्रत्येक मुलाबरोबर आई, बाप, आजी, आजोबा यांपैकी एकाने शेवटपर्यंत बसायचं, फोन खिशात ठेवून. या शेवटच्या नियमाला सर्वांत जास्त विरोध झाला.

आमच्या गच्चीत किल्ला उभा आहे. माती कमी पडली म्हणून वाळू घातली, ती सारखी ढासळते. बुरुजावर सिरिंजची तोफ आहे, आत चपलेची नवी, करंगळीच्या नखाएवढी चकती. इथे फटाके नाहीत. संध्याकाळी पणत्या लागल्या की नातू तोफेतून थर्माकोलची गोळी उडवतो, बारीकसा 'ठप्' आवाज येतो. आजीची उरलेली एक चप्पल अजून दाराशी आहे. दुसऱ्या पायात काय घालायचं, हे तिने अद्याप ठरवलेलं नाही.