नववे पदक

आयर्लंडच्या दक्षिणेस कॉर्क नावाचा परगणा आहे. 1950 च्या दशकात तेथील रस्त्यांवरून शेल कंपनीचा तेलाचा टँकर नित्य फिरत असे. चालक मध्यम उंचीचा, दणकट खांद्यांचा, मनगटे एखाद्या लोहारासारखी. त्याच्या आसनाशेजारी पावत्यांच्या बाडाबरोबर आणखी एक वस्तू हटकून असे : ॲश नावाच्या झाडाच्या लाकडाची, टोकाशी पसरट झालेली एक काठी. तेल पोहोचवून झाले, जेवणाची सुटी मिळाली, की ती काठी बाहेर निघे आणि चेंडूवर टोले बसू लागत. ज्यांच्या दारी हा टँकर थांबे त्यांना चालकाची ओळख विचारावी लागत नसे. ते क्रिस्टी रिंग होते, आयर्लंडच्या हर्लिंग या खेळातील आपल्या काळचे सर्वांत मोठे नाव.

हर्लिंग आपल्याकडे फारसे परिचित नाही. प्रत्येकी पंधरा खेळाडूंचे दोन संघ, हॉकीच्या मैदानाहून बरेच मोठे मैदान, आणि बुचाच्या गाभ्यावर कातडे शिवलेला लहानसा चेंडू. हॉकीत काठी खांद्यावर नेली तर भुवया उंचावतात. येथे चेंडू हवेतच टोलवायचा असतो. तो काठीच्या पात्यावर तोलून धावता येते, हातात झेलता येतो, फक्त फार पावले हातात धरून नेता येत नाही. गोलाच्या दोन खांबांमधून आडव्या दांडीखाली चेंडू गेला तर गोल, म्हणजे तीन गुण. दांडीवरून गेला तर एक गुण. रिंग यांच्या काळी डोक्यावर शिरस्त्राण नसे. या काठीला आयरिश भाषेत जे नाव आहे त्याचा उच्चार जवळजवळ ‘कमान’ असा होतो. आपल्या कमानीशी त्याचे नाते नाही, तरी त्या शब्दाचा अर्थही वाकलेली वस्तू असाच आहे, हा योगायोग मोठा गमतीचा.

या खेळाची व्यवस्था पाहणारी गेलिक ॲथलेटिक असोसिएशन 1884 साली थर्ल्स या गावी स्थापन झाली. खेळाडूने ज्या गावात वाढावे त्या गावासाठी खेळावे, आणि खेळण्याचे वेतन घेऊ नये, अशी तिची घडण. अखिल आयर्लंड स्पर्धेच्या अंतिम सामन्याला ऐंशी हजार माणसे तिकीट काढून बसत, पण विजेत्याच्या पदरी पडे ते एक छोटेसे सुवर्णपदक. ज्यांच्या घरी रोज सायंकाळी रोजमेळ जुळवूनच दिवा मालवला जातो, त्यांना हा व्यवहार आतबट्ट्याचाच वाटेल. कॉर्कमध्ये मात्र तो कोणाला तसा वाटत नव्हता, आणि रिंग यांना तर मुळीच नाही.

त्यांचा जन्म 1920 चा, क्लॉइन या छोट्या गावातला. गावात एक प्राचीन दगडी मनोरा आहे. अठराव्या शतकात तत्त्वज्ञ जॉर्ज बर्कली येथे बिशप होते. ज्या वस्तूचे कोणालाही ज्ञान होत नाही ती अस्तित्वात आहे असे म्हणावे तरी कसे, असा प्रश्न ज्यांनी पाश्चात्त्य विचाराला घातला तेच हे बर्कली. रिंग यांना असले प्रश्न पडले असतील असे दिसत नाही. चौदाव्या वर्षी शाळा सुटली आणि मिडलटन येथे मोटारदुरुस्तीच्या कामात उमेदवारी सुरू झाली. पुढे मालमोटार हाती आली, त्यानंतर तेलाचा टँकर. शिक्षण तुटपुंजे, बोलणे मोजके, मद्य आणि तंबाखू या दोहोंपासून जन्मभर दूर. जेथे सामन्यानंतरची प्रत्येक बैठक मद्यगृहात भरते अशा देशात हे शेवटचे वैशिष्ट्य सोपे नव्हते.

तरुणपणीच गावच्या क्लबाशी बिनसले आणि ते कॉर्क शहराच्या ब्लॅकपूल भागातील ग्लेन रोव्हर्स या क्लबात गेले. पुढची पंचवीसएक वर्षे ते तेथेच राहिले. त्याच क्लबात आणि कॉर्कच्या संघात त्यांच्या जोडीला एक उमदा तरुण होता, जॅक लिंच. हा तरुण पुढे बॅरिस्टर झाला आणि नंतर आयर्लंडचा पंतप्रधान. टँकरचालक आणि भावी पंतप्रधान एकाच रंगाचा सदरा घालून एकाच चेंडूमागे धावत होते, आणि त्या दोघांत मैदानावर वरचढ कोण याबद्दल स्वतः लिंच यांच्याही मनात संदेह नव्हता.

1941 ते 1944 या चार वर्षांत कॉर्कने ओळीने चार वेळा अखिल आयर्लंड विजेतेपद मिळवले. असे पूर्वी कोणत्याही परगण्याला हर्लिंगमध्ये साधले नव्हते. यातील पहिल्या विजयाला एक मजेदार किनार आहे. त्या वर्षी गुरांमध्ये लाळ्या-खुरकुताची साथ पसरली आणि मन्स्टर प्रांताचा अंतिम सामना पुढे ढकलावा लागला. कॉर्कला केवळ नामनिर्देशाने पुढे पाठवण्यात आले; त्यांनी डब्लिनला हरवून देशाचे विजेतेपद मिळवले, आणि त्यानंतर तो राहिलेला प्रांताचा सामना खेळून टिपररीकडून पराभव पत्करला! देशात पहिले, प्रांतात दुसरे, असा हिशेब कोणत्या खात्यावर मांडावा हे चतुर मुनिमालाही सुचू नये.

1944 चे वर्ष मात्र निखळ पराक्रमाचे. महायुद्ध चालू होते, आयर्लंड तटस्थ असला तरी पेट्रोल मिळत नव्हते. कॉर्क आणि लिमरिक यांचा प्रांतिक अंतिम सामना थर्ल्सला व्हायचा होता. माणसे सायकली घेऊन निघाली. कोणी आदल्या दिवशी, कोणी रात्रभर पायडल मारत. हा सामना आजही तेथे ‘सायकलींचा सामना’ म्हणून ओळखला जातो. तो बरोबरीत सुटला, म्हणून लोकांनी पुन्हा सायकली काढल्या. लिमरिकच्या संघात मिक मॅकी होते, रिंग यांच्या आधीच्या पिढीचे महानायक. फेरसामना संपत आला, पुन्हा बरोबरीच होणार असे वाटू लागले, आणि रिंग चेंडू घेऊन दूरवरून धावत सुटले. त्या धावेच्या शेवटी जो गोल झाला त्याने कॉर्क तीन गुणांनी जिंकले. दोन वर्षांनी, 1946 च्या अंतिम सामन्यात ते कर्णधार असताना, किलकेनीविरुद्ध त्यांनी असाच एक गोल केला. वाटेत येणारे एकेक बचावपटू मागे पडत गेले आणि चेंडू काठीवरून ढळला नाही. तो गोल पाहिलेली माणसे म्हातारी झाली तरी तो सांगत राहिली.

मनुष्य साधू नव्हता, हेही सांगितले पाहिजे. मैदानावर ते कठोर होते. हरणे त्यांना सोसत नसे, आणि आपल्याच संघातील ढिल्या खेळाडूला ते नजरेने जाळीत. 1953 च्या अंतिम सामन्यात गॉलवेचा एक खेळाडू जबर जखमी झाला. दोष रिंग यांच्या माथी आला. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. कॉर्क जिंकले, पण सामन्यानंतर मुक्कामाच्या हॉटेलात गॉलवेच्या खेळाडूने त्यांच्यावर हात टाकला. कर्णधार म्हणून चषक स्वीकारलेल्या माणसाला त्याच दिवसाचा हा दुसरा नजराणा. पत एका दिवसात डागाळते, हे बाजारात बसणाऱ्यास सांगायला नको.

पुढच्या वर्षी, 1954 मध्ये, अंतिम सामना पाहायला डब्लिनच्या क्रोक पार्कवर 84,856 लोक आले. हर्लिंगच्या सामन्याला एवढी गर्दी त्यापूर्वी झाली नव्हती, त्यानंतरही झालेली नाही. समोर वेक्सफर्डचा धिप्पाड संघ होता. त्यांचा गोलासमोरचा आधारस्तंभ निक ओ’डॉनेल रिंग यांच्याशी झालेल्या धडकेत गळपट्टीचे हाड मोडून बाहेर गेला. त्याच्या जागी बॉबी रॅकार्ड धावून आला आणि अप्रतिम खेळला, तरी वेक्सफर्डला तीन गुणांनी हार खावी लागली. रिंग यांचे हे आठवे पदक. तोवर आठ पदके कोणालाच मिळाली नव्हती.

मग 1956 उजाडले. रिंग छत्तिशीच्या उंबरठ्यावर होते. पुन्हा अंतिम सामना, पुन्हा वेक्सफर्ड. गोलासमोर पुन्हा ओ’डॉनेल, जवळच बॉबी रॅकार्ड. कॉर्कमध्ये पोलिओची साथ आल्याने सामना सप्टेंबरच्या तेवीस तारखेपर्यंत लांबला होता. मैदानावर 83,096 प्रेक्षक होते आणि त्यांतल्या प्रत्येकाला ठाऊक होते की कॉर्क जिंकले तर रिंग यांचे नववे पदक होईल. खेळाची शेवटची काही मिनिटे उरली होती. वेक्सफर्ड दोन गुणांनी पुढे. चेंडू रिंग यांच्या हाती आला, आणि वाट मोकळी झाली. गोल झाला की तीन गुण; कॉर्क एकाने पुढे. त्यांनी चेंडू मारला तो त्यांच्या मनगटाला शोभेल असाच. गोलरक्षक आर्ट फोली अंगाने लहानखुरा होता. त्याने तो चेंडू अडवला.

त्यानंतरचे क्षण ज्यांनी पाहिले त्यांच्या मनात घर करून राहिले. चेंडूमागोमाग धावत आलेले रिंग फोलीपाशी पोहोचले आणि त्यांनी त्याचा हात हातात घेतला. सामना संपला नव्हता. वर्षानुवर्षांच्या परिश्रमाचे फळ ज्याने क्षणापूर्वी हिरावून नेले त्याचाच तो हात होता. इकडे चेंडू दुसऱ्या टोकाला गेला आणि बॉबीचा भाऊ निकी रॅकार्ड याने गोल करून निकाल पक्का केला. वेक्सफर्डचे वीस गुण, कॉर्कचे चौदा.

शिट्टी झाली. विजयी संघ स्वतःच्या नायकांना खांद्यावर घेतो ही जगाची रीत. ओ’डॉनेल आणि बॉबी रॅकार्ड मात्र रिंग यांच्याकडे गेले, पराभूत रिंग यांना त्यांनी खांद्यांवर उचलले आणि मैदानाबाहेर नेले. त्या दोन खांद्यांपैकी एकाजवळचे हाड दोनच वर्षांपूर्वी मोडले होते, ते याच माणसाच्या धडकेने. 1953 मध्ये हुर्यो ऐकलेल्या मैदानावरून रिंग प्रतिस्पर्ध्यांच्या खांद्यांवरून गेले. नववे पदक त्यांना मिळाले नाही, पुढेही नाही.

ते आणखी सात वर्षे कॉर्ककडून खेळले. चौसष्ट स्पर्धासामन्यांत 33 गोल आणि 208 गुण, म्हणजे एकूण 307. मन्स्टर प्रांतातर्फे रेल्वे चषकाची अठरा पदके. 1964 मध्ये लुई मार्कस यांनी त्यांच्यावर रंगीत चित्रपट काढला. त्यात रिंग एखाद्या जुन्या कारागिराप्रमाणे एकेक फटका करून दाखवतात, आणि ते पाहताना ही हातोटी निसर्गदत्त की सरावाची हा वाद घालावासा वाटत नाही. ग्लेन रोव्हर्सकडून ते त्यानंतरही खेळत राहिले. पुढे कॉर्कच्या निवड मंडळात बसून 1976 ते 1978 अशी लागोपाठ तीन विजेतेपदे त्यांनी पाहिली.

2 मार्च 1979 रोजी कॉर्क शहरातील रस्त्याने चालत असताना हृदयविकाराने त्यांचा अंत झाला. वय अठ्ठावन्न. क्लॉइनच्या वाटेवर दुतर्फा हजारो माणसे उभी होती. शवपेटी थडग्यापाशी पोहोचली तेव्हा निरोपाचे भाषण करण्यास जुना सोबती जॅक लिंच उभा राहिला. त्या वेळी तो देशाचा पंतप्रधान होता. पुढे क्लॉइनला पुतळा झाला, कॉर्कमध्ये ली नदीवर त्यांच्या नावाचा पूल झाला. मैदानात उतरून नऊ पदके मिळवण्याचे काम 2012 मध्ये किलकेनीच्या हेन्री शेफलिन यांनी केले आणि दोन वर्षांनी दहावेही मिळवले. तेही बिनवेतनीच, पोटासाठी बँकेत नोकरी करीत.

रिंग यांचे एक छायाचित्र आयर्लंडमध्ये असंख्य भिंतींवर टांगलेले दिसते. साल 1957. मनगटाचे हाड मोडल्याने ते सामना अर्धवट सोडून गोलाच्या खांबाजवळून बाहेर चालले आहेत. खांबापाशी पंचाचा पांढरा कोट घालून मिक मॅकी उभे आहेत, तेच सायकलींच्या सामन्यातले मॅकी. दोघांची नजरानजर झाली आहे, दोघांच्या ओठांवर हसू आहे, आणि काहीतरी बोलणे चालले आहे. काय बोलणे झाले हे कॉर्कमधील माणसे एक सांगतात, लिमरिकमधील दुसरेच.