सूत्राआधी एक प्रश्न



गेल्या रविवारी मुखेडच्या आमच्या अभ्यासवर्गात अकरावीच्या एका मुलीने वही मिटली. म्हणाली, "काका, परम्युटेशन-कॉम्बिनेशन मी सोडूनच देते." सोडून कसे चालेल? एमएचटी-सीईटीला हा धडा आहे. गणिताचे 50 प्रश्न, प्रत्येकी 2 गुण. इंजिनिअरिंगचा प्रवेश दोन-चार गुणांवर अडतो.

मी सूत्र बाजूला ठेवले. म्हटले, जयंती मंडळात पाच कार्यकर्ते आहेत. त्यांतून अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष नेमायचे. अध्यक्षासाठी 5 जण, मग सचिवासाठी 4, कोषाध्यक्षासाठी 3. गुणाकार 60. आता त्याच पाचांतून वर्गणीला तिघे पाठवायचे. त्यांची नावे कशीही मागेपुढे लिहा, माणसे तीच! तिघांच्या मांडण्या 6 होतात, म्हणून 60 ला 6 ने भागा. उत्तर 10.

तेव्हा आधी विचारा : जागा बदलली तर गोष्ट बदलते का? बदलत असेल तर मांडणी, नसेल तर निवड.

दुसरी खोच सारख्या अक्षरांची. इंग्रजीत मुखेडची सहाही अक्षरे वेगळी, मांडण्या 720. नांदेडचीही सहाच, पण एन दोनदा, डी दोनदा. दोन एनची अदलाबदल केली तरी शब्द तोच. म्हणून 720 ला 2 ने, पुन्हा 2 ने भागा. उत्तर 180.

हे शेवटचे तिने स्वतः सोडवले.

पालकहो, "आपल्या घरात गणित कुणाला जमले?" असे मुलांसमोर म्हणू नका.

घरी करून पाहा : कंधार. इंग्रजीत सात अक्षरे, ए दोनदा. उत्तर 2520 आले पाहिजे.