कानाचा दोष, घ्राणाची साक्ष

हिंग, वेलदोडा, लवंग यांची प्रत नुसत्या वासावरून सांगणारा जाणकार पेढीवर असला की मालकाची अर्धी काळजी मिटते. व्यापारात नाकाला एवढा मान; पण घरातील मुलांच्या घ्राणेंद्रियाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. डोळे तपासले जातात, ऐकू येते की नाही हे पाहिले जाते. वास येतो का, हा प्रश्न मात्र विचारलाच जात नाही. काही मुलांच्या बाबतीत तो वेळेवर विचारणे फार मोलाचे ठरते.

अंतर्कर्णाची कामे दोन. त्यातील शंखाकृती भाग ऐकण्याचे काम करतो, तर तीन अर्धवर्तुळाकार नलिका शरीराचा तोल सांभाळतात. काही बालकांत या नलिका जन्मतःच अत्यंत लहान असतात, किंवा नसतातच. असे मूल उशिरा बसते, उशिरा चालते. पुष्कळदा ऐकण्यातही उणे असते. घरची मंडळी त्यास आळशी ठरवून मोकळी होतात.

या दोषाच्या मुळाशी कधी कधी ‘चार्ज’ नावाचा विकारसमूह असतो. १९७९ मध्ये हॉल व हिटनर या अमेरिकी डॉक्टरांनी त्याचे स्वतंत्रपणे वर्णन केले. १९८१ मध्ये प्रमुख लक्षणांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून हे नाव रूढ झाले. डोळे, हृदय, नाकाचा मागील मार्ग, वाढ आणि कान यांवर त्याचा परिणाम होतो. साधारणपणे दहा ते पंधरा हजार जन्मांमागे एका बालकात तो आढळतो. २००४ मध्ये नेदरलँड्समधील संशोधकांनी ८ व्या गुणसूत्रावरील सीएचडी७ या जनुकातील बिघाड त्यास कारणीभूत असल्याचे दाखविले.

अशा मुलाच्या कानासाठी एमआरआय काढला जातो, तेव्हा जाणते डॉक्टर आणखी एक जागा पाहतात. नाकाच्या छताला चाळणीसारखे हाड असते. त्याच्या लगेच वर, मेंदूच्या पुढील भागाखाली, दोन चिमुकले घ्राणकंद असतात. नाकातून आलेले वासाचे मज्जातंतू तेथे पोहोचतात. चार्ज असलेल्या अनेक मुलांत हे कंद खुरटलेले असतात किंवा दिसतच नाहीत.

या शोधाचे महत्त्व वासापुरते नाही. तारुण्याचा आरंभ करून देणारा संप्रेरकाचा संदेश मेंदूतील ज्या पेशी देतात, त्यांचा जन्म गर्भावस्थेत नाकाच्या भागात होतो आणि घ्राणतंतूंच्याच वाटेने त्या मेंदूत जातात. वाटच घडली नाही, तर या पेशी मुक्कामी पोहोचत नाहीत. म्हणून वास न येणारे असे मूल पुढे आपोआप वयात न येण्याची शक्यता मोठी असते. १९४४ मध्ये कालमन यांनी वर्णिलेल्या विकारातही वासाचा अभाव व खोळंबलेले तारुण्य यांची हीच जोडी दिसते. त्यातील काही रुग्णांत सीएचडी७ मध्येच बिघाड सापडतो.

हे आधी कळले, तर योग्य वयात संप्रेरकांचे उपचार सुरू करता येतात. शरीराची वाढ साधते व हाडे ठिसूळ होण्याचा धोका कमी होतो. मुलीत १३ व मुलात १४ वर्षांपर्यंत तारुण्याची चिन्हे न दिसल्यास संकोचापोटी थांबू नये, संप्रेरकतज्ज्ञांकडे जावे. ‘लग्नाच्या वेळी अडचण नको’ म्हणून अहवाल कपाटात दडवून ठेवल्याने अडचण वाढतेच. स्वयंपाकघरातही सावधगिरी हवी: गळती कळावी म्हणून सिलिंडरच्या गॅसमध्ये मुद्दाम उग्र वास मिसळलेला असतो, पण ज्यास वासच येत नाही त्यास तो सावध करू शकत नाही. अशा घरी गळतीसूचक यंत्र बसवावे.

कानाचा प्रत्येक दोष या विकारामुळेच होतो, असे मुळीच नाही. पण तोल, श्रवण व वास यांत एकत्र उणीव जाणवली, तर तिन्ही गोष्टी डॉक्टरांना एकदमच सांगाव्यात.

आणखी एक गोष्ट घरातील वडीलधाऱ्यांनी ध्यानी घ्यावी. बहुतेक वेळा हा जनुकीय बिघाड त्या बालकात नव्यानेच झालेला असतो. तो आईवडिलांकडून आलेला नसतो. पुढील अपत्याविषयी शंका असल्यास जनुकतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. मात्र ग्रहण पाळले नाही, अमुक खाल्ले, म्हणून सुनेला बोल लावणे सर्वस्वी अन्यायाचे आहे.